कुणासाठी तरी धावणाऱ्या सगळ्यांना

प्रिय धावकमित्रमैत्रिणींनो,

शर्यतींचा हंगाम तोंडावर आला की आपल्या सगळ्यांचे मेसेज एकसारखे दिसायला लागतात. 'यंदा मी अमुक संस्थेसाठी मॅरेथॉन धावतेय, लिंक खाली दिली आहे, जमेल तेवढी मदत करा.' मीही असाच मेसेज पाठवते. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या कुटुंबांना उपचार चालू असेपर्यंत हॉस्पिटलजवळ राहायला जागा मिळावी, या कामासाठी मी निधी गोळा करते. त्या मेसेजमध्ये आपण हमखास एक वाक्य टाकतो, आणि हे पत्र मी त्या वाक्यामुळेच लिहायला घेतलं आहे: 'त्यांच्या वेदनेपुढे माझे हे ४२ किलोमीटर काहीच नाहीत.'

वाक्य नम्र आहे आणि लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे मला माहीत आहे. तरीही ते आता आपण सोडून द्यावं असं मला वाटतं. आपलं दुखणं आपण मागून घेतलेलं असतं. तारीख आधीपासून माहीत असते, अंतर माहीत असतं, ठराविक टप्प्यांवर पाणी असतं. अगदीच असह्य झालं तर कडेला होऊन 'आज बस्स' म्हणायची मुभा असते. शेवटी गळ्यात मेडल पडतं. आजारपणात यातलं काहीच नसतं. मग या दोन गोष्टी शेजारी ठेवून मोजायच्या तरी कशाला? मोजल्यावर दुसऱ्याचं दुखणं मोठं भरतं हे खरं, पण तेवढ्यासाठी ते आपल्या शर्यतीच्या गोष्टीत आणून बसवावं लागतं. आणि ज्यांचं ते दुखणं आहे, त्यांना आपण तसं विचारलेलं नसतं.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. सुरुवातीचे काही आठवडे जोरदार केमो, मग पुढचे टप्पे, आणि त्यानंतर 'मेंटेनन्स' नावाचा लांबच लांब काळ: रोजची गोळी, आठवड्याची वेगळी गोळी, मधूनमधून पाठीच्या मणक्यातून दिलं जाणारं औषध, आणि पुनःपुन्हा रक्ततपासणी. वॉर्डबाहेरच्या बाकांवर आईबाप एकमेकांना भेटले की पहिला प्रश्न असतो, 'काउंट किती आला?' काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या. तो खाली गेला तर ठरलेली केमो पुढे ढकलली जाते. ताप चढला तर रात्रीच दाखल व्हावं लागतं, आणि घरी जायला भरून ठेवलेली बॅग पलंगाखाली तशीच राहते.

अशाच एका बाकावर मला एक बाबा भेटले होते. त्यांच्या मांडीवर एक वही होती. तारीख, ताप, काउंट, कोणती गोळी किती वाजता, सगळं उभ्या रकान्यांत, बारीक अक्षरात. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांच्या मुलीने एक मासा काढला होता. काही मासे डोळ्यांसकट, खवल्यांसकट. काही दिवसांचे मासे नुसते एका रेघेचे. ते दिवस कसे गेले असतील ते विचारावं लागत नव्हतं, शेजारच्या रकान्यात तापाचे आकडे होते. मी कशासाठी धावते हे संस्थेच्या ताईंनी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी अंतर विचारलं नाही, वेळ विचारली नाही. विचारलं ते एवढंच, 'मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबता येतं का हो तुम्हाला?' मी म्हटलं, येतं. 'मग बरं आहे,' ते म्हणाले, अगदी मनापासून. त्यांना खरोखरच माझी काळजी वाटली होती. त्यानंतर ते वेदनेचं वाक्य मला लिहिता आलेलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण धावलो की लोक पैसे का देतात? सरळ मागितले असते तर इतके मिळाले असते का? क्रिस्टोफर ओलिव्होला आणि एल्डार शफीर या दोन अभ्यासकांनी २०१३ साली यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखाद्या चांगल्या कामासाठी आपल्याला स्वतःला कष्ट आणि त्रास सोसावा लागणार असेल, तर लोक जास्त देणगी द्यायला तयार होतात. तोच कार्यक्रम आरामाचा आणि मजेचा असेल तर हात आखडता राहतो. सोसल्याने देण्याला अर्थ येतो, अशी आपली घडण दिसते. त्यामुळे आपलं दमणं निरुपयोगी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ते उपयोगाचं आहे, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल नीट बोलायला हवं. आपलं दमणं दिसतं. घामाचे फोटो काढता येतात, नकाशावर धावलेली रेघ दाखवता येते. माशांची वही कुणाला दिसत नाही. जे दिसतं त्याच्या नावाने पैसे येतात आणि जे दिसत नाही तिथे ते पोचवायचे असतात. आपलं काम पोस्टमनचं आहे. पत्र आपण लिहिलेलं नाही आणि ते आपल्याला आलेलंही नाही. वेळेवर, न फाडता, योग्य दारात टाकणं एवढं मात्र आपल्याकडे आहे, आणि ते काम छोटं नाही.

हे पटत नसेल तर देणग्यांसोबत आलेले निरोप सलग वाचा. रकमा सोडून द्या, फक्त निरोप. माझ्या यादीत 'शुभेच्छा, जोरात धाव' असे आहेतच. पण त्यांच्या मधे 'दादासाठी' असा एकच शब्द आहे. 'तिसरीत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीसाठी, तिचं आडनाव आता आठवत नाही' असं एक आहे. कुणीतरी नाव न देता लिहिलंय, 'माझा मुलगा त्या खोल्यांपैकी एका खोलीत राहिला होता. तो आता नाही. खोली चालू राहू द्या.' या माणसाने माझ्या धावण्याला पैसे दिलेले नाहीत. मी धावले नसते तरी त्यांचं दुःख होतंच. ते कुठेतरी ठेवायला त्यांना जागा हवी होती आणि माझ्या ऑनलाइन देणगीपानावर ती मिळाली. अशा निरोपाला 'खूप खूप आभार' आणि जोडलेल्या हातांचं चित्र एवढ्यावर पाठवणी करू नये, एवढंच मला तुम्हाला सांगायचंय. थांबा. दोन ओळी लिहा. मुलाचं नाव विचारावंसं वाटलं तर विचारा. बहुतेकांना ते नाव कुणीतरी उच्चारावं असंच वाटत असतं. आणि त्यांनी उत्तर दिलं नाही तर पुन्हा विचारू नका.

या प्रथेबद्दल बोलताना ज्या मुलाचं नाव हमखास निघतं त्याची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल, तरी पुन्हा सांगते, कारण तिच्यातला एक भाग नेहमी गाळला जातो. टेरी फॉक्स कॅनडाचा. १९७७ मध्ये, १८ वर्षांचा असताना, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो अटलांटिकच्या काठावरच्या सेंट जॉन्स शहरातून कृत्रिम पायावर निघाला, देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावायचं ठरवून. रोज साधारण एक मॅरेथॉन. सुरुवातीच्या कित्येक दिवसांत रस्त्यावर माणसं नव्हती, पैसेही फारसे जमत नव्हते. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबरला, थंडर बे या शहराजवळ त्याला थांबावं लागलं. कर्करोग फुफ्फुसांत पोचला होता. प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर जमावा ही त्याची इच्छा होती. १९८१ च्या सुरुवातीला निधी २.४ कोटी डॉलरच्या पुढे गेला आणि देशाची लोकसंख्या तेव्हा जवळपास तेवढीच होती. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला. २२ वर्षांचा होता.

गाळला जाणारा भाग हा. धावण्यासाठी मदत मागताना त्याने एक पत्र लिहिलं होतं, आणि त्यात स्वतःच्या पायाइतकंच वॉर्डातल्या इतरांबद्दल लिहिलं होतं. आपण यातून सुटलो तरी ते चेहरे आणि ती दुखणी मागे उरणार, हे त्याला सहन होत नव्हतं. म्हणजे ज्याला 'माझी वेदना बघा' म्हणायचा पूर्ण हक्क होता, त्याने बोट दाखवलं ते शेजारच्या पलंगाकडे. त्याच्या नावाने १९८१ पासून दरवर्षी जी धाव होते तिच्यात शर्यत नसते, विजेता नसतो, बक्षीस नसतं. मला वाटतं, तो मुलगा कसा होता हे त्या नियमांवरून सगळ्यात नीट कळतं.

आणि तो शेवटापर्यंत पोचला नव्हता, हेही लक्षात ठेवा. आपल्यातल्या कुणाचा तरी दरवर्षी गुडघा जातो, कुणाला ताप येतो, कुणी ३० किलोमीटरच्या आसपास स्नायूंतली साखर संपून रस्त्यावर बसतं. मग त्यांचे मेसेज येतात: मी पूर्ण करू शकलो नाही, देणगीदारांना तोंड कसं दाखवू? सरळ सांगा. जे झालं ते झालं त्या शब्दांत. ज्याने 'दादासाठी' लिहिलं त्याला तुमच्या वेळेशी देणंघेणं नव्हतं. संस्थेपर्यंत पैसे पोचले आहेत, राहण्याच्या खोलीचं दार उघडंच आहे. माझ्या ओळखीत अशी कबुली ऐकून पैसे परत मागणारं कुणी निघालेलं नाही.

आता फोटोंबद्दल. याबद्दल मी थोडं कडक बोलणार आहे. आजारी मुलाचा फोटो पानावर टाकू नका. टक्कल पडलेलं, मास्क लावलेलं, कुणाच्या तरी कुशीतलं मूल. असा फोटो टाकला की देणग्या वाढतात असं आपल्याला सांगितलं जातं. आईबापांची परवानगी घेतली आहे असंही सांगितलं जातं. पण जो माणूस त्या संस्थेच्या खोलीत राहतो, त्याच्या जेवणाची, झोपण्याची सोय तिथे होते, त्याने अशा मागणीला 'नाही' कसं म्हणायचं? आणि ते मूल उद्या बरं होऊन मोठं होईल, तेव्हा आपलं हे रूप जगभर पसरलेलं असावं असं त्याला वाटेल का, हे आज कोण सांगणार?

फोटोशिवाय, नावाशिवाय पैसे जमतात, याचा पुरावा जुना आहे. १९४८ साली अमेरिकेत एका रेडिओ कार्यक्रमातून बॉस्टनच्या रुग्णालयात कर्करोगासाठी दाखल असलेल्या १२ वर्षांच्या मुलाशी बोलणं झालं. डॉक्टर होते सिडनी फार्बर. मुलाची ओळख जपायची म्हणून कार्यक्रमात त्याला 'जिमी' म्हटलं गेलं. लोकांनी भरभरून दिलं आणि त्यातून उभा राहिलेला जिमी फंड आजही चालू आहे. बहुतेकांना वाटत होतं की तो मुलगा केव्हाच वारला असणार. तो वाचला होता, ट्रक चालवत होता. त्याचं खरं नाव आयनार गुस्टाफसन, हे जगाला कळलं १९९८ मध्ये, पन्नास वर्षांनी, आणि त्याची इच्छा असताना. पन्नास वर्षं त्याला स्वतःचं साधं आयुष्य जगता आलं. त्या काळात बाकीच्यांनी दिलेल्या पैशांनी संशोधन चालू राहिलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या मुलांपैकी दहात एखादं मूलही दीर्घकाळ वाचत नसे. आज सगळे उपचार वेळेवर मिळाले तर दहातली सुमारे नऊ वाचतात.

'सगळे उपचार वेळेवर मिळाले तर.' आपले पैसे नेमके याच अटीत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, आणि अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आहे. औषधाचा शोध दोन्हीकडे लागलेलाच आहे. फरक पडतो तो निदान उशिरा होतं म्हणून, औषध परवडत नाही म्हणून, आणि कितीतरी कुटुंबं उपचार अर्ध्यावर सोडून परत जातात म्हणून. घर लांब, राहायला जागा नाही, दुसरं मूल नातेवाइकांकडे, नोकरी सुटलेली. मेंटेनन्सच्या गोळ्या चालू असताना मूल वरून ठणठणीत दिसतं. तेव्हा तर 'आता बरं आहे की' म्हणून गाठोडं बांधणं फार सोपं असतं. हॉस्पिटलजवळची एक साधी खोली, एक गॅस आणि दोन पलंग, एवढ्यावर एखाद्या मुलाचे उपचार पूर्ण होतात. देणगीदारांना हे सांगा. आपल्या पेसबद्दल आणि नव्या शूजबद्दल लिहिता त्याच तपशिलाने खोलीबद्दल लिहा. गॅस कोण भरतं, चादरी किती वेळा बदलाव्या लागतात, काउंट खाली असलेल्या मुलाला वेगळी खोली का लागते. लोकांना हे वाचायला आवडतं, निदान माझा तरी तसाच अनुभव आहे.

रकमांबद्दल एक गोष्ट. लंडन मॅरेथॉनच्या धावकांच्या देणगीपानांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पानावर आधीच्या देणग्या मोठ्या दिसल्या की पुढचा माणूसही जास्त देतो, असं त्यात दिसलं. म्हणून आपल्याला सल्ला मिळतो की आधी मोठी रक्कम देणाऱ्यांना गाठा. सल्ला हिशेबाला धरून आहे आणि मीही तसंच करते. पण त्याच यादीकडे बघून कुणीतरी लिंक बंदही करत असतं, आपली रक्कम तिथे शोभणार नाही म्हणून. ज्यांना रक्कम लपवायची सोय हवी त्यांना ती कशी वापरायची ते मेसेजमध्येच सांगा. आणि आभारांची पत्रं रकमेच्या क्रमाने लिहू नका. मी आलेल्या क्रमाने लिहिते. त्यामुळे कधी कधी मोठ्या कंपनीच्या आधी शाळकरी मुलाने वाचवलेल्या पैशांचा नंबर लागतो, आणि तो तसा लागावा असंच मला वाटतं.

आभार परत मिळण्याची वाट मात्र बघू नका. फौजा सिंग २००० साली लंडनला आपली पहिली मॅरेथॉन धावले तेव्हा ८९ वर्षांचे होते. मुलगा गमावल्याच्या दुःखातून ते पुन्हा धावण्याकडे वळले होते. निधी गोळा केला तो मुदतीआधी जन्मलेल्या बाळांसाठी. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मणाऱ्या बाळांना मुदतपूर्व म्हणतात. जगात साधारण दर दहातलं एक बाळ असं जन्मतं. काचेच्या पेटीतल्या त्या बाळांपैकी कुणी त्यांना कधी 'थँक यू' म्हणणार होतं का? त्यांना ते नकोही असावं. २०११ मध्ये, शंभरीला, टोरंटोला ते पुन्हा मॅरेथॉन धावले. ज्या कुटुंबांसाठी आपण धावतो त्यांना शर्यतीच्या दिवशी शेवटच्या रेषेवर उभं करून आपल्याला मेडल घालायला लावणं, हातात मोठा धनादेश धरून त्यांच्यासोबत हसणं, हे सगळं त्यांच्याकडून आभार वसूल करणं आहे. निवांत दिवस त्यांच्याकडे मोजके असतात. राहू द्या त्यांना घरी.

रेषेवर, रस्त्यावर जे खरोखर असतात त्यांना मात्र विसरू नका. पहाटे अंधारात टेबलं मांडून पाण्याचे ग्लास भरणारे स्वयंसेवक, आपण फेकलेले ग्लास उचलणारी माणसं, पायाला गोळा आल्यावर दोन मिनिटांत पाय मोकळा करून देणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी. आणि घरची माणसं: महिनोन्‌महिने रविवारची सकाळ लाँग रनला दिलेली आपण सहज सांगतो, ती सकाळ घरात कुणी सांभाळली हे सांगत नाही. तेही लिहा.

शेवटी एक विनंती, आणि ही जरा व्यवहाराची आहे. शर्यत झाली की आपलं पान थंड पडतं, आणि संस्थेचा खर्च मात्र पुढच्या महिन्यातही तेवढाच असतो. आपल्या एका शर्यतीचा मोठा आकडा त्यांना आनंद देतो, पण वर्षभराची आखणी करायला त्यांना दरमहा ठराविक येणारे, कशावरही खर्च करता येणारे पैसे लागतात. वीजबिलासाठी कुणी मॅरेथॉन धावत नाही, म्हणून ते बिल कायम मागे राहतं. तेव्हा शर्यतीनंतरच्या आठवड्यात प्रत्येक देणगीदाराला एक पत्र पाठवा. किती जमले, देणग्या गोळा करणाऱ्या संकेतस्थळाचं शुल्क वजा जाऊन संस्थेला किती पोचले, त्याचं काय होणार आहे, आणि ज्यांना जमेल त्यांनी छोटी मासिक देणगी कशी सुरू करायची. सुरुवात स्वतःपासून करा. रक्कम कितीही लहान असू दे.

माझं पान या महिनाअखेरीस बंद होतंय. तुमच्यापैकी ज्यांची पानं अजून चालू आहेत त्यांनी कुटुंबांबद्दल लिहिलेला मजकूर संस्थेतल्या कुणाला तरी एकदा वाचायला द्या, शक्य असेल तर एखाद्या पालकालाही. त्यांनी एखादं वाक्य काढायला सांगितलं तर ते काढा, कारण विचारत बसू नका.

तुमच्यापैकीच एक धावणारी